कुलूपबंद टाकी आणि खानदेशचा रस्ता

खानदेश पाहायला चालले, असं मी निघताना गावभर सांगितलं होतं. शेजारणींनी केळीचे वेफर्स आणायला सांगितले, नणंदेने ज्वारीचे पापड, बिबड्या. नवरा म्हणाला, "ट्रकमधून कसली सहल? कंबर मोडेल." मी म्हटलं, मोडू दे.

खरं कारण त्यालाही सांगितलं नव्हतं. मी आमच्या ड्रायव्हरची चोरी पकडायला चालले होते.

आमचं गाव कराडजवळ. ट्रक माझ्या वडिलांचा, आबांचा, ते गेल्यावर माझ्याकडे आला, आणि ट्रकबरोबर विष्णूमामा आले. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. नात्याने कोणी नव्हेत, पण मी परकरात होते तेव्हापासून ते ती गाडी चालवत होते. कराडहून गूळ घेऊन जळगावला जायचं आणि परत येताना यावलची केळी पुण्याला उतरवायची, ही त्यांची ठरलेली फेरी. दोन गोष्टी बिघडल्या होत्या. पावसाळ्यापासून गाडी उभी राहिली की थरथरायची. चालत असताना बरी, पण पाय काढून इंजिन नुसतं चालू ठेवलं की धक्के द्यायची, कधी बंदच पडायची. आणि डिझेल जास्त लागत होतं. त्यात जळगावच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं कार्ड आलं: तुमचा ड्रायव्हर प्रत्येक ढाब्यावर टाकी उघडून उभा असतो, लक्ष ठेवा.

टाकीला कुलपाचं झाकण मी आषाढातच करून घेतलं होतं. एकदा अंगणात उभ्या गाडीतलं डिझेल कोणीतरी नळी घालून काढून नेलं, तेव्हा. त्याची किल्ली मामांकडे असायची. आता दोन आणि दोन जोडायला मला वेळ लागला नाही. डिझेल विकायचं, टाकीत रॉकेल ओतायचं, म्हणून इंजिन थरथरतं. फेब्रुवारीच्या शेवटी, गुळाच्या ढेपा भरल्यावर, मी मामांना म्हटलं, "मीही येते. खानदेश बघायचाय. आणि टाकीची किल्ली माझ्याकडे द्या, भरताना मीच उघडत जाईन. हिशेब शिकायचाय मला."

मामांनी किल्ली काढून दिली. चेहरा एवढा खुलला की मला वाटलं, छान सोंग आहे. सीटवर त्यांनी घरून आणलेली वाकळ चौघडी घालून पसरली. "ताई, बारा वर्सं खानदेशात जातोय, घरातलं कुणी बघायला आलं न्हाई. आता सगळं दाखवतो."

अजिंठ्याचा घाट ते जळगाव

नगर, औरंगाबाद हा रस्ता पुष्कळांनी पाहिलेला असतो, तो मी सोडते. अजिंठ्याचा घाट उतरल्यावर मात्र हवा बदलते. आमच्याकडे डोंगर चारी बाजूंनी अंगावर येतात. इथे जमीन एकदम सपाट होते, काळी, भेगाळलेली, आणि डोळा पोचेल तिथवर कपाशीच्या पळकाट्या, सुकलेल्या काड्या, उभ्या. झाडं कमी. ऊन आमच्या एप्रिलसारखं, तेही सकाळी दहालाच.

मामा एकेक दाखवत होते. ही पहूरची वाट, तो बांध इंग्रजाच्या वेळचा, हे कापसाचं जिनिंग. मी मान डोलवत होते आणि कान इंजिनाकडे लावून होते. एक गोष्ट मी टिपून ठेवली होती: नगरला पंपावर टाकी भरली, त्यानंतर गाडी घड्याळासारखी चालली. दीड-दोन तासांनी पुन्हा थरथर सुरू झाली. औरंगाबादला पुन्हा भरली, पुन्हा ठीक, पुन्हा थरथर. मला त्यातून इतकंच दिसलं की ताजं डिझेल चांगलं असतं आणि आधीचं भेसळीचं होतं. ताज्याचंही दोन तासांनी तेच होतं, हे मी लक्षात घेतलं नाही. माणूस ठरवून निघाला की असंच होतं.

जळगावात मी गूळ उतरेपर्यंत त्या ट्रान्सपोर्टवाल्याला भेटले. तो पान लावत म्हणाला, "बाई, मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा नाही, चारदा. टाकी उघडून उभा. बाकी तुमचं तुम्ही पाहा." मला तेवढं पुरलं.

धर्मशाळेत मुक्काम होता. संध्याकाळी मामा केळीच्या पानात बांधलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन आले. आमच्याकडे वांगं गॅसवर भाजतात, इथे कपाशीच्या काड्यांवर. मग लाकडी बडगीत दांडक्याने ठेचतात. हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून कच्चं तेल. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, काळपट, चावावी लागते. मी तीन खाल्ल्या. मामा बाहेर पायरीवर बसून माझं खाणं संपायची वाट पाहत होते. "आवडलं ना? म्हटलं होतं मी." आज मला त्या भरताचा विचार आला की घास नकोसा होतो.

यावल

दुसऱ्या दिवशी तापीचा पूल ओलांडला. पाणी रुंद आणि संथ, काठावर कलिंगडांच्या वाड्या. पुलापलीकडे केळीच केळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवी भिंत, तिच्यात शिरलं की अंगावरचं ऊन एकदम निघून जातं. वर सातपुडा, निळा, लांब, एका उंचीचा.

केळी भरणं हे पाहण्यासारखं काम आहे. बाया डोक्यावर चुंबळ घेऊन एकेक घड मळ्यातून आणतात, चिखलातून, वाकड्या न होता. गाडीत आधी सुकी पानं अंथरतात, मग घड उभे लावतात, देठ वर, मध्ये पुन्हा पानं. एकही केळ दबता कामा नये. आमच्याकडे ऊस फेकून भरतात. तसं इथे कोणी केलं तर बाया हात धरतील. मी एक घड उचलून पाहिला. दोन पावलं चालले आणि बसले. बाया खदखदून हसल्या. एक म्हणाली, "अक्का, हाई कागद नही शे, केळं शे!" मामा त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत होते. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आमनी ताई शे. खान्देश देखाले उनी." ताई खानदेश बघायला आलीय, हेच ते सगळ्यांना सांगत होते.

भरलेली केळी उन्हात उभी राहिली की आतून तापतात आणि वाटेतच पिकू लागतात. म्हणून गाडीने थांबायचं नाही. आणि आमची गाडी तर थांबलं की मरत होती. मामा म्हणाले, "अजिंठ्याचा घाट भरल्या गाडीनं नको. धुळ्यावरून जाऊ. तिथं युनूसमिस्त्री हाय, पंप-नोझलचं काम त्याच्यासारखं कुणी करत न्हाई. आणि धुळ्याच्या पुढं लळिंगचा किल्ला दाखवतो तुम्हाला. त्याची एक गोष्ट हाय, तुमच्या आबांनाही लई आवडायची. किल्ल्याखाली गेल्यावरच सांगीन, आधी न्हाई."

परतताना जळगावच्या पंपावर मी टाकी काठोकाठ भरून घेतली, स्वतः कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. आता भेसळ करून दाखवा, असं मनात म्हटलं.

पारोळा

एरंडोलच्या अलीकडेच इंजिन धक्के देऊ लागलं. या वेळी दोन तासही लागले नाहीत. पारोळ्याला किल्ल्याच्या तटाजवळून जाताना मामांनी गाडी हळू केली, म्हणाले, "बघून घ्या ताई, थांबता येत न्हाई." मी तट पाहिला नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते. किल्ली माझ्याकडे, टाकी बंद, तरी गाडी थरथरते. मग हे मुद्दामच पाय मागेपुढे करून थरथरवत असले पाहिजेत, म्हणजे मी कंटाळून किल्ली देईन. असा माझा हिशेब.

गावाबाहेर एका ढाब्यापाशी गाडी बंदच पडली. ढाबा चालवणारी सुमनबाई, साठीची, मामांची जुनी ओळख. तिने लांबूनच हाक मारली, "विष्णूभाऊ, काय व्हयनं गाडीले?" खाटांवर आठ-दहा ड्रायव्हर शेवभाजी खात बसले होते. ही शेवभाजी तिखट, लाल तर्रीची, वरून जाड शेव. चांगली लागते, पण ती माझ्या पानात तशीच राहिली.

मामांनी बॉनेट उघडलं, हातपंप मारून पाइपातली हवा काढली, गाडी चालू झाली, थरथरली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर ते हात पुसत माझ्याकडे आले.

"ताई, किल्ली द्या जरा. टाकीचं झाकण उघडतो."

मी मोठ्याने म्हटलं. हळू म्हणता आलं असतं. "अजून किती काढायचंय मामा? या ढाब्यावर किती देता, तेवढं सांगा."

खाटांवरचे ड्रायव्हर वळून बघू लागले. मामांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बघत राहिले.

"म्हंजे तुम्ही खानदेश बघायला न्हवता आला," ते म्हणाले.

सुमनबाई पुढे आली. "बाई, हाऊ माणूस बारा वरीसथून आठे येस. पावसाळाथून टाकी खोलस, कान लावस, परत बंद करस. हातमा डबडं मी कधी देखं नही."

"कान लावतो?" मी म्हटलं. "टाकीला? कशासाठी, गाणी ऐकायला?"

दोघे-तिघे हसले. मामा हसले नाहीत. "केळी तापत्यात," एवढंच म्हणाले आणि पुन्हा हातपंपाशी गेले. सुमनबाईने माझं ताट उचललं. पुन्हा वाढलं नाही.

धुळे

पारोळ्याहून धुळं फार लांब नाही, पण आम्हाला अख्खी दुपार लागली. मामा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी रेटत होते, उतारावरही पाय काढत नव्हते. सहा वेळा उतरून हवा काढली. डिझेल जास्त का लागतं, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, पण पाहिलेलं समजलं नाही.

युनूसमिस्त्री म्हातारे, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मामांनी गाडी लावली आणि लिंबाखाली पाठ करून बसले. मिस्त्री म्हणाले, "काय रे विष्णू, सांग की, कुठे दुखतंय तिला?"

"मालकीणबाईंना विचारा."

मी पुढे झाले आणि रॉकेलबद्दल सांगितलं. मिस्त्रींनी फिल्टरच्या स्क्रूतून थोडं डिझेल बोटावर घेतलं, हुंगलं, दोन बोटांत चोळलं. "रॉकेल नाहीये बाई. साफ आहे."

मग त्यांनी इंजिन चालू करवलं. सहा सिलिंडर, सहा बारीक पाइप. पाना घेऊन ते एकेक पाइपाचा नट सैल करत गेले. सैल केला की तिथून डिझेल उडायचं आणि इंजिनचा आवाज आणखी पडायचा. घट्ट केला की पुन्हा पहिल्यासारखा. सहाही तपासून झाल्यावर म्हणाले, "सगळी नोझलं काम करतात. एखादं मेलेलं असतं, तर त्याचा नट सैल करून आवाजात फरकच पडला नसता. पंपही ठीक. याला डिझेलच कमी येतंय. मागून."

ते पाइप चाचपत मागे मागे गेले. फिल्टर, मग छोटा पंप, मग टाकी. टाकीवर बोटं वाजवली. पुन्हा वाजवली. कुलूप हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"खोला."

मी दोरा गळ्यातून काढला आणि झाकणाला अर्धा फेरा दिला. सुस्स करून एवढ्या जोरात हवा आत गेली की माझी बोटं झाकणाला ओढली गेली. टाकीचा पत्रा टण् करून वाजला. आणि काही वेळात इंजिन शांत झालं. थरथर नाही, धक्का नाही. नगरच्या पंपावरून निघाल्यावर चालत होतं तसं.

मिस्त्रींनी झाकण परत लावलं, इंजिन रेटून ठेवलं, चहा मागवला. चहा संपायच्या आत थरथर सुरू झाली. झाकण उघडलं, सुस्स, थांबली.

"पोरं बाटलीला तोंड लावून ओढतात," ते म्हणाले, "तेव्हा आत हवा गेली नाही तर पाणी यायचं थांबतं, जीभ अडकते. टाकीतलं डिझेल कमी झालं की तेवढी हवा आत जायला पाहिजे. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. याला नाहीच. पंप ओढून ओढून दमतो, मग सांध्यातून हवा घेतो. टाकी भरलेली असली तर आणखी लवकर. हे झाकण कोणी बनवलं?"

"मी," मी म्हटलं. "लेथवाल्याकडून."

"भोक ठेवायचं विसरला तो?"

तो विसरला नव्हता. तो खडूने खूण करून विचारत होता, "बाई, हवेला बारीक भोक ठेवू ना?" आणि मी म्हटलं होतं, "भोक कशाला? धूळ जाईल, आणि चोराला नळी घालायला वाट होईल. बंद कर सगळं." साताऱ्याकडच्या बायका डब्याची झाकणं अशीच घट्ट बसवतात, मुंगी शिरू नये म्हणून. मी टाकीला डबा समजले.

मिस्त्रींनी झाकणाला ड्रिलने बारीक भोक पाडलं, वर वाकडी नळी डाख देऊन बसवली, म्हणजे धूळ जाणार नाही. ते काम चालू असताना मी लिंबाखाली गेले.

"मामा, तुम्ही ढाब्यावर टाकी यासाठी उघडत होता?"

"उघडली की गाडी नीट चालायची. का, ते मला ठाऊक न्हवतं. कान लावला की आत हवा जाताना ऐकू यायची. म्हणून उघडायचो."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं होतं ताई. दसऱ्याला, गाडीची पूजा झाल्यावर. तुम्ही म्हणालात, त्या झाकणाचं नाव काढू नका, तुम्हा लोकांना कुलूप नकोच असतं."

म्हटलं होतं. नारळाचा तुकडा हातात धरून, सगळ्यांसमोर म्हटलं होतं.

"चुकलं माझं, मामा," मी म्हणाले. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ते वाक्य हुकूम सोडल्यासारखं आलं. मी टाकीची किल्ली त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती घेतली नाही. उठले, धोतर झटकलं. "गाडी नीट झाली. निघू या. केळी पिकतील."

धुळ्याच्या पुढे

प्रवासवर्णनात इथून पुढचा रस्ताही यायला हवा. मालेगाव, चांदवडचा घाट, नाशिक, पुणे. तो मला लिहिता येत नाही. रस्ता मी पाहिला, अंधार पडेपर्यंत आणि पुन्हा उजाडल्यावर पाहिला, गाडी एकदाही थरथरली नाही, त्यामुळे लक्ष द्यायला दुसरं काही नव्हतं. पण कुठली नदी, कुठला डोंगर, कुठलं गाव कशासाठी प्रसिद्ध, यातलं मला काही ठाऊक नाही. सांगणारा शेजारी बसून गाडी चालवत होता आणि समोर पाहत होता.

धुळं सोडल्यावर थोड्याच वेळात एक डोंगर आला. माथ्यावर पडके बुरूज. तो लळिंग असणार. मामांनी गाडी हळू केली नाही, वेगही वाढवला नाही. मी काचेतून मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. "मामा, याची काय ती गोष्ट?" एवढं विचारायचं होतं. ज्या तोंडाने पारोळ्याला बोलले होते, त्या तोंडाने ते विचारवलं नाही.

केळी हिरवीच पुण्याला पोचली. कराडला आल्यावर मामांनी गाडी धुतली, सीटवरची वाकळ घडी घालून काखेत घेतली, गाडीची किल्ली तुळशीवृंदावनाच्या कडेवर ठेवली. "गुडघे दुखत्यात ताई. आता बस झालं." मी दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः त्यांच्या गावी गेले. त्यांनी चहा दिला, मुलांची चौकशी केली. गाडी कशी चालते, तेही विचारलं. मी म्हटलं, चांगली चालते. गुडघ्यांबद्दल दोघंही काही बोललो नाही.

शेजारणी अजून विचारतात, खानदेशात काय काय पाहिलं. भरीत सांगते, केळीचे मळे सांगते, तापीचा पूल सांगते. मग कोणीतरी विचारतं, किल्ले असतील ना तिकडे? मी म्हणते, आहेत. दोन लागले वाटेत. एक मी पाहिला नाही, आणि दुसऱ्याची गोष्ट मला माहीत नाही. वडिलांना ती माहीत होती, पण ते केव्हाच गेले. आता ती एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो आमच्या गावापासून चार कोसांवर राहतो.